झाकूचा हमाल होतो: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

खोका काल आला. १/१४४ मापाचा झाकू, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या रोबोचं घरी जोडायचं प्लास्टिकचं किट. पैलवानाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "झाकू? काय झाकू?" हा विनोद आता पाडव्यापर्यंत ऐकायचा आहे.

पैलवान म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. वजन पंचावन्न किलो, म्हणून पैलवान. बारा वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात दुसऱ्याच्या अडत दुकानात दिवाणजी होता. आता स्वतःचा हळदीचा गाळा घेतोय, एकच शटर, पण स्वतःचं. ३० मार्चला पाडव्याला मुहूर्त आहे. दिवाळीत माझं मॉडेलांचं कपाट बघून म्हणाला होता, "काउंटरवर ठेवायला एक दे की असला. पण पिवळा पाहिजे." मी हो म्हणून बसलो. पिवळा रंग मारणं काय असतं ते त्याला माहीत नाही. मला माहीत होतं, तरी हो म्हणालो.

गंडम नावाची जपानी कार्टून मालिका १९७९ ची. तिच्यातल्या रोबोंची प्लास्टिकची किटं बांदाईनं जुलै १९८० पासून विकायला काढली, पहिलं ३०० येनला होतं. झाकू हा त्यातल्या नायकाचा रोबो नाही. तो समोरच्या फौजेतला साधा गडी. हिरवा, एका डोळ्याचा, कारखान्यातून शेकड्यानं निघालेला आणि शेकड्यानं मरणारा. नायकाचा पांढरा रोबो घेतला असता तर काउंटरवर जास्त चमकला असता. पण पैलवानाचे वडील, आमचे आबा, याच यार्डात चौतीस वर्षं हमाल होते. त्यामुळं ठरलं ते असं: बंदूक नाही, कुऱ्हाड नाही. झाकूच्या पाठीवर पोतं आणि हातात आकडा, पोत्यात अडकवायचा तो लोखंडी.

पैलवानाला हे सांगितलेलं नाही. त्याला फक्त पिवळा माहीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टे भाग कापून, घासून, नुसते बसवून बघितले. निपरनं, म्हणजे बारीक कापायच्या पकडीनं, दोनदा कापायचं, पहिल्यांदा लांबून, दुसऱ्यांदा जवळून, नाहीतर प्लास्टिक ओढलं जाऊन पांढरा डाग पडतो. मग ४००, ६००, ८०० चा पॉलिश पेपर. यात लिहिण्यासारखं काही नाही, फक्त मान दुखते.

संध्याकाळी पैलवान अचानक टपकला. टेबलावर झाकू उभा, लपवायला वेळ मिळाला नाही, म्हणून सगळं सांगून टाकलं. दोन मिनिटं गप्प बसला. मग झाकूच्या डाव्या खांद्यावरच्या तीन काट्यांना बोट लावून म्हणाला, "लका, या काट्यांनी पोतं फाटंल की."

बरोबर आहे. झाकूच्या डाव्या खांद्यावर काटे आणि उजव्या खांद्यावर ढाल. काट्यांनी पोतं फाटणार, आणि ढाल असली तर आकड्याचा हात खांद्यावरून मागं जाणार नाही. लढायला दिलेल्या दोन्ही गोष्टी ओझं उचलायला आडव्या येतात. दोन्ही काढायच्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळं सकाळी यार्डात गेलो. मी कुपवाडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगचं काम बघतो. रोज लोखंडावर रंग चढवणारा माणूस, पण रंग उडतो कुठं, हे आज नीट बघितलं.

मॉडेल जुनं दाखवायचं असलं की आम्ही मंडळी सवयीनं सगळ्या कडांवर ओरखडे मारतो. यार्डात अर्धा तास उभं राहिलं की ते किती खोटं आहे ते कळतं. हमालाच्या शर्टाचा खांदा आणि मानेखालची पाठ घासून गुळगुळीत, काळपट आणि तिथं हळदीची धूळ जवळजवळ नाहीच, कारण प्रत्येक पोतं ती पुसून नेतं. धूळ बसते ती जिथं काही घासत नाही तिथं: भुवया, कानाची पाळी, कोपराच्या आतली घडी, शर्टाच्या खिशाची शिवण. एकाच्या पापण्या पिवळ्या होत्या. आणि चपला टाचेला नाही, पुढं अंगठ्याखाली झिजलेल्या. ओझं घेतलेला माणूस टाच टेकवतो ती फक्त थांबल्यावर.

फोटो काढायला कसंतरी वाटलं. वहीत रेघोट्या मारून आणल्या. एक जण म्हणाला, "काय मोजताय साहेब, पगारवाढ द्यायलाय का?"

१६ फेब्रुवारी, रविवार

आबांकडे हरिपूरला गेलो. कपाटातून त्यांचा आकडा काढून दिला. मूठ लाकडाची, इतकी गुळगुळीत की लाकूड वाटत नाही. लोखंडाचा जाडपणा मोजला, अकरा-बारा मिलिमीटर. पैलवानानं एक रिकामं पोतं आणून ठेवलं होतं, ९४ बाय ५७ सेंटिमीटर.

आता हिशेब. मालिकेत झाकू १७.५ मीटर उंच, १४४ नं भागलं की १२ सेंटिमीटर आणि थोडं. पण मला तो राक्षस नकोय, हमाल पाहिजे. आबा साडेपाच फूट, म्हणजे १६८ सेंटिमीटर. १६८ ला १२ नं भागलं की १४. म्हणजे माझ्यासाठी हे मॉडेल १/१४४ चं नाही, १/१४ चं. पोतं ६.७ बाय ४.१ सेंटिमीटर. आकड्याची तार ०.८ मिलिमीटर, म्हणजे कागदाला लावायची यू-पिन. मुठीला टूथपिक चालेल.

पोतं कसं धरायचं म्हणून विचारलं तर आबा उठून उभे राहिले. वय एकाहत्तर. वाकले, गुडघे थोडे मोडले, मान पुढं काढली, उजवा हात खांद्यावरून मागं टाकला. "डावा हात मोकळा ठेवायचा. फळीवर तोल जातो तवा त्योच कामाला येतोय." मग मला म्हणाले, "पोत्याला कान काढलास का?" मला समजलं नाही. पोत्याचं तोंड दाभणानं शिवताना दोन्ही कोपऱ्यांना सुतळीनं गाठ मारून जे शेंडे सोडतात ते कान. पोतं उचलायचं, ओढायचं, फिरवायचं ते कानाला धरून. आम्ही दर महिन्याला तांदळाचं पोतं आणणारी माणसं, पण याला नाव आहे हे चाळिसाव्या वर्षी कळलं.

"माथाडी" या शब्दावर पैलवान आणि आबांचं थोडं वाजलं. पैलवानाला काउंटरवरच्या पाटीवर "एका माथाडीचा मुलगा" असं काहीतरी लिहायचंय. आबांचं म्हणणं, माथाडी म्हणजे माथ्यावर नेणारा, आम्ही पाठीवर नेलं, आम्ही हमाल. १९६९ च्या कायद्याच्या नावात माथाडी आणि हमाल दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, त्यामुळं कुणाचंच चुकत नाही. पण मी आबांच्या बाजूनं.

निघताना पेवांचा विषय निघाला. हरिपूरच्या जमिनीत हळद साठवायची पेवं होती, विहिरीसारखी पण वर तोंड अरुंद. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच निकामी झाली. तरुणपणी आबा त्यात उतरून हळद काढायचे. बंद पेवात हवा मरते, म्हणून उतरायच्या आधी तोंड उघडं ठेवायचं आणि मग कंदील खाली सोडायचा. "इजला, तर उतरायचं न्हाई. घाई करणारा वर येत न्हाई."

किटमधल्या झाकूचा डोळा गुलाबी आहे. तो कंदिलाच्या ज्योतीचा करायचा, हे बसमध्येच ठरलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. मिरवणुकीचे ढोल दिवसभर, त्यामुळं कॉम्प्रेसरच्या आवाजावर आईची तक्रार नाही.

काटे करवतीच्या पात्यानं कापले. आतून पोकळ निघाले, तीन भोकं पडली. मागून एम-सील भरून, पुढून पुट्टी लावून, वाळल्यावर घासून खांदा गोल केला. त्यावर गोणपाटाची घडी दिसावी म्हणून एम-सीलचा पातळ थर देऊन ओला असतानाच गॉजची पट्टी दाबून उचलली. विणीचा ठसा सुरेख उठला.

पोत्यालाही गॉजच. खरं गोणपाट या मापाला फार जाडं दिसतं, एकेक धागा दोरखंडासारखा. औषधाच्या दुकानातलं बँडेज १/१४ ला अगदी बसतं. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं. आत काय भरायचं यावर पैलवानाचा आग्रह: खरी हळकुंडं बारीक करून भर. नको म्हणालो. हळदीला कीड लागते हे त्यानंच मला शिकवलंय, आणि काउंटरवरच्या रोबोतून किडे निघाले तर हळद घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय समजेल? थर्माकोलचा गाभा, वर एम-सीलच्या बारीक गाठी, म्हणजे आतून हळकुंडं टोचल्यासारखं दिसतं. तोंड सुईनं शिवलं. कान काढले. दोन्ही कान काढायला पाऊण तास लागला.

२३ फेब्रुवारी, रविवार

पोतं पाठीवर ठेवलं की झाकू मागं पडतो. दहा वेळा पडला. आधी मला वाटलं पायात वजन भरावं, म्हणून घाटावरून गळाला लावायचं शिसं आणून दोन्ही पावलांत बसवलं. तरी पडला. मग वहीतल्या रेघोट्या काढल्या. मी त्याला फक्त कमरेत वाकवत होतो. हमाल कमरेत थोडाच वाकतो. गुडघे मोडतात, घोटा पुढं झुकतो, आणि पोत्याचा मध्य पावलांच्या बरोबर वर येतो. झाकूचा घोटा इतका वळत नाही, म्हणून नडगीच्या खालची कड आतून दोन मिलिमीटर कोरली. आता उभा राहतो. टेबल हलवलं तरी राहतो.

एवढं साधं, पण आबांनी आठवड्यापूर्वी समोर उभं राहून दाखवलं होतं आणि मी बघत होतो तो हात.

२ मार्च, रविवार

रंगाचा दिवस. खरं तर चमच्यांचा.

पैलवानाला विचारलं, पिवळा म्हणजे कुठला? त्यानं हळदीचा म्हणून सांगितलं. मग त्यालाच विचारलं, हळदीचा म्हणजे कुठला? तेव्हा त्यानं खिशातून एक राजापुरी हळकुंड काढून टेबलावर ठेवलं, बत्त्यानं फोडलं आणि गप्प बसला. त्यालाही तेव्हाच दिसलं असावं. ड्रममध्ये पॉलिश झालेल्या हळकुंडाची साल फिकट, मळकट पिवळी. फोडल्यावर आत जवळजवळ तपकिरी नारिंगी, मेणासारखी चमक असलेली. आणि बत्त्याला लागलेली पूड, ती मात्र आपण स्वयंपाकघरात बघतो ती भडक पिवळी. एकाच हळकुंडात तीन रंग. यार्डातला माणूस साल बघून भाव करतो, फोडून खात्री करतो, आणि घरातल्या माणसाला फक्त पूड माहीत.

तिथंच सगळी रंगसंगती सुटली. चिलखत सालीच्या रंगाचं. सांधे, आतला सांगाडा, कंबरेच्या नळ्या फोडलेल्या हळकुंडाच्या रंगाच्या. आणि पूड फक्त धूळ म्हणून. छाती तेवढी मळकट पांढरी, बंडीसारखी.

आता पिवळ्याची अडचण. पिवळ्या रंगाची खालचं झाकायची ताकद फार कमी. झाकूला पिवळा झाकत नाही (हा विनोद मीच केला, पैलवान हसला नाही). मूळ प्लास्टिक हिरवं, त्यामुळं अस्तर लागणारच. प्लास्टिकचे तीन चमचे घेतले. एकाला राखाडी अस्तर, एकाला पांढरं, एकाला पांढऱ्यात थोडा लाल मिसळून केलेलं गुलाबी. तिन्हींवर एकाच कपातला पिवळा, तीन तीन हात.

राखाडीवरचा पिवळा हिरवट मारतो, कावीळ झाल्यासारखा. पांढऱ्यावरचा लिंबू. गुलाबीवरचा उबदार, किंचित नारिंगीकडं झुकलेला आणि हळकुंडाशेजारी धरला तर साल कुठं संपते आणि चमचा कुठं सुरू होतो ते कळेना. खालचा गुलाबी पातळ पिवळ्यातून वर येतो आणि त्याची लिंबूपणाची खोड मोडतो. कंपनीत पावडर एका हातात ६०-७० मायक्रॉन चढते आणि १८०-२०० डिग्रीच्या भट्टीत वितळून एकजीव होते, खाली काय आहे याची फिकीरच नाही. इथं भट्टी नाही. हा प्लास्टिकचा गडी शंभर डिग्रीच्या आतच मऊ पडेल.

आई तिन्ही चमचे बघून म्हणाली, "गुलाबीवाला. विचारायचं काय त्यात."

८ मार्च, शनिवार

चार दिवस गुलाबी झाकू टेबलावर उभा होता. शेजारच्या पोरीनं मागितला.

आज दुपारी पिवळा मारला आणि वाट लागली. बाहेर ऊन मी म्हणतंय. एअरब्रशमधून (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारं पेन) निघालेला रंग भागावर पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरबरीत. सुईच्या टोकावर पण वाळून बसला, दर दोन मिनिटांनी पुसायचा. थांबलो. वाळल्यावर १००० च्या पेपरनं पाण्यात घासून परत.

९ मार्च, रविवार

पहाटे सहाला उठून मारला. थिनर थोडं जास्त, त्यात वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब, प्रेशर २० वरून १५ पीएसआयवर, आणि ब्रश जवळ, चार बोटांवर. साडेआठला लाईट गेली तोवर चिलखत संपलं होतं. इतका गुळगुळीत पिवळा मी आजवर मारला नव्हता. त्यामुळं आता तो खरवडायला जीव होईना.

पण खरवडायचाच आहे. डावा खांदा आणि पाठ यांच्यावर गुलाबी मारलाच नव्हता. तिथं गडद तपकिरी, त्यावर बायकांचा हेअरस्प्रे, त्यावर पिवळा. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, म्हणून पिवळा वाळल्यावर थोड्या वेळानं ओल्या ब्रशनं चोळलं की वरचा रंग आपोआप सुटतो, झिजल्यासारखा. पोतं जिथं टेकतं तिथंच चोळला. कडांना हात लावला नाही. पावलांचे चवडे झिजवले, टाचा नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड, सुट्टी. खाचांमध्ये तपकिरी इनॅमल सोडलं आणि एक मूर्खपणा केला. पायाचा सांधा तसाच जोडलेला ठेवून इनॅमल थिनरनं जादा रंग पुसला. ताण असलेल्या प्लास्टिकमध्ये थिनर शिरलं की तडा जातो, हे मी तीन वर्षांपूर्वी एकदा शिकलोय. आज परत शिकलो. उजव्या घोट्याचा पेग, म्हणजे सांध्यातली खुंटी, मोडला. एक मिलिमीटरचं ड्रिल, यू-पिनचा तुकडा, फेविक्विक. हे पाऊल आता हलत नाही. तसंही हमाल ओझ्याखाली पाऊल नाचवत नाही.

बिल्ला बसवला. आबांचा परवान्याचा पितळी बिल्ला, त्यावरचा नंबर छातीच्या डाव्या बाजूला. स्टेन्सिल कापून बघितला, आकडे एक मिलिमीटरचे, जमलं नाही. शेवटी डेकल कागदावर (पाण्यात भिजवला की छाप सुटून येतो तो) छापून पाण्यात सोडून लावला. नंबर इथं लिहीत नाही, तो आबांचा आहे.

१६ मार्च, रविवार

आजची नोंद लाजेनं लिहितोय.

धुळीसाठी पिगमेंट म्हणजे बारीक रंगीत भुकटी मिळते. पण माझ्या डोक्यात आलं की हळदीच्या दुकानातल्या हमालावर विकतची भुकटी कशाला? खरीच हळद घालू. पैलवानाकडून वस्त्रगाळ पूड आणली. मऊ ब्रशनं कोपऱ्यांत, नळ्यांच्या खाचांत, पोत्याच्या शिवणीत, खोळीच्या घडीत बसवली. (डोक्यावरून पाठीवर सोडलेली गोणपाटाची खोळ मधल्या आठवड्यात केली, लिहायची राहिली. त्यामुळं झाकूचं ते जर्मन सैनिकाच्या टोपासारखं डोकं निम्मं झाकलं गेलं आणि एकदम आपल्या माणसासारखा दिसायला लागला.) पाच मिनिटं इतकं सुंदर दिसत होतं की मी पैलवानाला फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय, "आयला."

मग ती पूड उडू नये म्हणून मॅट टॉपकोटचा, म्हणजे सगळ्यात वरच्या बिनचमकीच्या थराचा, स्प्रे मारला.

हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण स्पिरीट आणि अ‍ॅसिटोनच्या जातीच्या द्रावणांत लगेच उतरतो. आणि टॉपकोटमध्ये दुसरं असतं काय? माझ्या डोळ्यांदेखत प्रत्येक कणाभोवती पिवळं वलय पसरलं, नळ्यांवरून ओघळ निघाले आणि छातीच्या पांढऱ्या बंडीवर बिल्ल्याच्या बरोबर खाली वरणाच्या डागासारखा डाग.

घाबरून ओल्या फडक्यावर कपड्याचा साबण घेऊन पुसलं. डाग लाल झाला.

१७ मार्च, सोमवार

आई हसून हसून बेजार. लग्नातल्या हळदीचे कपडे कुणी साबणानं पुसतं का? साबणातल्या क्षारानं हळद लाल होते हे तिला रसायनशास्त्र न शिकता माहीत, मला शिकून नाही. लिंबाचे दोन थेंब पाण्यात घालून पुसलं, लाल गेला, पिवळा परत आला. पुसून पुढं जात नाही, कारण रंग टॉपकोटच्या थरात शिरलाय.

"उन्हात ठेव," आई म्हणाली. "हळद उन्हाला टिकत नाही. साड्यांचे डाग असेच घालवलेत मी."

आणि तेव्हा उजेड पडला की हे ओघळ निघालेच नसते तरी माझी ती खरी हळद काउंटरवर महिना-दोन महिन्यांत पांढुरकी पडली असती.

२२ मार्च, शनिवार

सोमवारपासून रोज सकाळी सात ते अकरा झाकू गच्चीवर. अकरानंतर आत, प्लास्टिक वाकू नये म्हणून. रंगपंचमीला मात्र दिवसभर कपाटात, गल्लीतल्या पोरांचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी डाग फिका, चौथ्या दिवशी शोधावा लागला, आज नाही. अ‍ॅक्रिलिकच्या पिवळ्याला काही झालं नाही. बंडीवर एका जागी अगदी पुसट सावली राहिलीय. ती मी ठेवणार आहे, बंडी इतकी पांढरी नसतेच.

२५ मार्च, मंगळवार

धूळ परत, या वेळी शहाण्यासारखी. भडक पिवळा अ‍ॅक्रिलिक पातळ करून बारीक ब्रशनं खाचांत, कडा ओल्या ब्रशनं विरवल्या. जिथं घासतं तिथं नाही. खोळीखाली, जिथं हमालाच्या भुवया असत्या, तिथं एक रेघ. डोळा नारिंगी, मध्ये पिवळा ठिपका, वर ग्लॉसचा थेंब. अंधारात टॉर्च धरला तर कंदिलासारखा चमकतो.

आकडा शेवटी बसवला. टोक पोत्याच्या वरच्या कोपऱ्यात, कानाच्या थोडं आत. डावा हात मोकळा.

३० मार्च, रविवार, पाडवा

गाळ्यासमोर गुढी, आत माणसांची गर्दी, पेढे. झाकू काउंटरवर, इलेक्ट्रॉनिक काट्याशेजारी. पैलवानानं बिल्ल्याचा नंबर आज पहिल्यांदा वाचला. काही बोलला नाही, आत जाऊन परत परत पेढ्यांचे बॉक्स मोजत बसला.

आबांनी झाकूला हातात घेतलं. आधी पोतं उलटं करून शिवण बघितली, मग कान चिमटीत धरून बघितले, मग पाऊल. चवड्याची झीज त्यांना चष्म्याशिवाय दिसली. "टाच कोरी ठिवलीस व्हय," एवढंच म्हणाले.

मग पूजा सुरू झाली. काट्याला हळद-कुंकू, वहीला, शटरच्या दोन्ही बाजूंना. आणि मी "आबा, थांबा" म्हणायच्या आत त्यांनी ओल्या हळदीचं बोट झाकूच्या पांढऱ्या बंडीवर टेकवलं, बिल्ल्याच्या बरोबर खाली.

पुसलं नाही. गाळा पूर्वेला तोंड करून आहे, सकाळचं ऊन काउंटरपर्यंत येतं. तीन-चार दिवसांत उडेल.